तेवीस नावे, एकवीस खुर्च्या

शिरूर, बुधवार, २ जुलै १९५२

विमान कंपनीचे पत्र आज आले. त्यात लिहिले आहे की मी ११ जून रोजी विमानतळावर उशिरा पोहोचले, म्हणून माझी जागा दुसऱ्यास देण्यात आली. हे खोटे आहे. खोटे कागदावर असले आणि खरे नुसते डोक्यात असले, तर वर्षभरात लोक कागदालाच मानतात. तीस वर्षे शाळेत घालवून एवढे कळले आहे. म्हणून ही वही.

माझी धाकटी बहीण मेरी दिल्लीला मुलाकडे होती. पोटात गाठ झाली होती. गुरुवारी, १२ जूनला सकाळी शस्त्रक्रिया ठरली. तिचा मुलगा प्रभुदास याने माझ्यासाठी मुंबई ते दिल्ली विमानाचे तिकीट काढले. बुधवारी पहाटे पाच वाजता मी कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात हजर होते. तिथून त्यांच्याच मोटारीने सांताक्रूझला गेले. त्यांच्या मोटारीतून गेलेली बाई त्यांच्याच विमानाला उशिरा कशी पोहोचते, याचे उत्तर पत्रात नाही.

तिथे सामानाबरोबर माणसाचेही वजन करतात. मला काट्यावर उभे केले, आकडा लिहून घेतला, बाकावर बसवले. विमानात खुर्च्या एकवीस, असे मोटारीत कोणी सांगितले होते. सवयीने मी बाकांवरची डोकी मोजली. तेवीस भरली. वाटले, दोघे पोहोचवायला आले असतील. मग एक तरुण कारकून यादी घेऊन आला तो सरळ माझ्यापुढेच उभा राहिला.

"बाई, आपल्याला आज थांबावं लागेल."

"का?"

"जागा नाही."

"तिकिटावर जागा निश्चित आहे असं लिहिलंय."

"ते बरोबर आहे. पण जागा नाही."

दुसरा थांबवलेला माणूस सरकीचा व्यापारी होता. मी कारकुनाला विचारत होते की थांबवायची माणसे कशी निवडलीत. तेव्हा तो व्यापारीच म्हणाला, "आपल्यासाठी टेलिफोन करणारं कोणी नाही, बाई. चला, चहा घेऊ." मी चहा घेतला नाही. तिकीट कारकुनाने ठेवून घेतले आणि परत दिले नाही.

पुढचे दोन्ही दिवस भरलेले होते. मी संध्याकाळच्या मेलने निघाले. गुरुवारी रात्री दिल्लीला पोहोचले. मेरी दुपारीच गेली होती.

शुक्रवार, ४ जुलै

कंपनीला आज उत्तर लिहिले. भाड्याचे पैसे प्रभुदासला परत करू म्हणतात, ते त्यांचे त्यांनी पाहावे. मला एक ओळ हवी आहे: लिडिया साळवे वेळेवर हजर होत्या, तिकिटे खुर्च्यांपेक्षा जास्त दिली गेली होती. एवढेच.

ती ओळ प्रभुदाससाठी हवी आहे. दफन झाल्यावर तो म्हणाला, "आईनं मंगळवारी खाट दाराकडे फिरवून घेतली होती." मी काट्याचे, यादीचे सगळे सांगू लागले, तर म्हणाला, "असू द्या, मावशी. तुम्हाला यायचंच नव्हतं."

त्याला असे वाटण्याचे कारण आहे. मेरीने २८ साली कानपूरच्या रेल्वेतल्या माणसाशी लग्न केले. मी तिला शाळेत शिक्षिका होण्यासाठी शिकवून तयार केले होते. लग्नाला गेले नाही. त्यानंतर नाताळची पत्रे तेवढी होत. पण बोलावले आणि गेले नाही असे मी करणार नाही, हे त्याला समजायला हवे. सोमवारी निघणे जमले नव्हते, हे त्याला कळवले होते. बुधवारी मी निघाले होते. कागद आला की पटेल. त्याच्याखेरीज माझे आता कोणी नाही. हे लिहिण्याची गरज नव्हती.

मंगळवार, ८ जुलै

राहू गावच्या मुक्ताबाई आल्या. सिंधू नावाच्या मुलीची आई. नऊ जूनला शाळेचे वसतिगृह उघडले, त्या दिवशी मी ज्या सहा मुली परत पाठवल्या त्यांतली ही एक.

वसतिगृहात खाटा तीस. मी दरवर्षी छत्तीस घरांना जागा राखल्याची पत्रे पाठवते. पाच-सहा मुली येतच नाहीत. एकीचे लग्न होते, एकीच्या घरी बाळंतपण निघते. तीसच पत्रे पाठवली तर खाटा रिकाम्या राहतात आणि ग्रँट कापली जाते. अठरा वर्षे हा हिशेब चुकला नाही. यंदा छत्तीसही आल्या. ज्या मुलींबरोबर त्यांच्या गावचे मास्तर किंवा चर्चचे पाळक आले होते त्यांना ठेवणे भाग होते. मुक्ताबाई एकट्या होत्या.

मी म्हटले, "जागा अजून झालेली नाही."

"जागा मागाया न्हाई आले, बाई. कागद मागाया आले."

"कसला कागद?"

"सिंधू येळंवर आली व्हती आसा. आमचे मालक म्हंत्यात, तू तळेगावच्या बाजारात भैनीकडं रमलीस, उशीर केलास, म्हून जागा गेली. म्या म्हनलं, शाळंच्या दारात पयली गाडी आमची व्हती. त्यांना पटंना. आता म्हंत्यात, पोरीचं माघात लगीन."

"शाळा असा दाखला देत नाही."

"का वं?"

"पद्धत नाही."

त्यांनी पदराखालून माझेच पत्र काढून टेबलावर ठेवले. "जागा राखून ठेवली हाय, आसं गावच्या गुरुजींनी वाचून दावलं. सही तुमची हाय म्हनले."

"पत्र म्हणजे खाट नव्हे, मुक्ताबाई."

"मंग पत्र म्हंजी काय?"

मला तास घ्यायचा होता. मी उठले. त्या गेल्यावर आमचे कारकून एलिया, हे माझ्याहून सहा वर्षांनी मोठे आणि जिभेला हाड नसलेले, हजेरीपत्रकावरून मान न उचलता म्हणाले, "छत्तीस पाव्हनं बोलवायचं आन् तीस पानं मांडायची. बरं, उपाशी उठनाऱ्याला पुन्हा इचारायचं, का वं, उशीर का केला."

"उशीर केला असं मी कुठं म्हटलं?"

"न्हाई म्हनला. तसं न्हाई असंबी न्हाई म्हनला."

त्यांना मे महिन्याची शिल्लक कामे पुरी करायला सांगितली.

बुधवार, ९ जुलै

काही नाही. पाय दुखतात.

शनिवार, १२ जुलै

पुण्याला एजंटाकडे जाऊन आले. माझे तिकीट याच माणसाच्या हातून मिळाले होते. सभ्य आहे, खुर्ची दिली, सोडा मागवला. कंपनीच्या वतीने काही लिहून देता येत नाही म्हणाला. तोंडी मात्र सगळे कबूल.

"तेवीस नावं लिहिली होती, बाई. दर खेपेला लिहितो. दोघं-तिघं येतच नाहीत, आणि रिकामी खुर्ची उडवण्यासारखा तोटा नाही. कधीमधी सगळे येतात. त्याला इलाज नाही."

"सगळे आले, तर दोष येणाऱ्यांचा?"

"दोष कोणाचाच नाही."

"मग मी उशिरा आले असं का लिहिलंत?"

"काहीतरी लिहावं लागतं."

मी म्हटले, माणूस येत नसेल तर त्याची शिक्षा येणाऱ्याला का. यावर तो हसला आणि नोंदवही काढून माझ्यापुढे फिरवली.

"हे बघा. सोमवार, नऊ जून. खुर्ची अकरा, मिस एल. साळवे. रविवारी संध्याकाळी तुमची तार आली की बुधवारची द्या. इतक्या उशिरा ती घेणार कोण? त्या दिवशी मागणी कमी, एकवीसचीच नावं होती. तुमची खुर्ची रिकामी गेली दिल्लीला. तुमच्यासारख्यांसाठीच आम्ही दोन नावं जास्त लिहितो, बाई. रागावू नका."

मी सांगितले की सोमवारी वसतिगृह उघडायचे होते.

"असेल ना. प्रत्येकाला काहीतरी असतंच."

सोमवारचा आणि बुधवारचा काही संबंध नाही. बुधवारी मी वेळेवर होते. सोडा प्यायले नाही. परतीच्या एस.टी.त उभे राहून आले. कोणा मुलाने जागा दिली ती घेतली नाही.

मंगळवार, १५ जुलै

मुक्ताबाई पुन्हा आल्या. राहूहून इथे म्हणजे बैलगाडी, मग एस.टी., मग पाय. पावसाने लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाचे झाले होते. व्हरांड्यात बसल्या आणि म्हणाल्या, "तुमची पद्धत बदलली का, बघाया आले."

मी एलियांना बाहेर पाठवले आणि कागद घेतला. लिहिले: काही अपरिहार्य कारणांमुळे कुमारी सिंधू हिला वसतिगृहात जागा देणे शक्य झाले नाही. मोठ्याने वाचून दाखवले.

त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "ह्यात आमी येळंवर आलो ते कुठं हाय?"

"ते त्यात येतं."

"कुठं येतं? दावा बोट ठिवून."

बोट ठेवायला जागा नव्हती. अपरिहार्य कारणे हे शब्द कंपनीच्या पत्रातही आहेत, दुसऱ्या परिच्छेदात. कागद फाडला. दुसरा घेतला. त्याची नक्कल इथे ठेवते:

"कुमारी सिंधू हिची आई मुक्ताबाई हिने मुलीला सोमवार, ९ जून रोजी सकाळी शाळा उघडण्यापूर्वी दारात आणले. तिच्याकडे जागा राखल्याचे माझ्या सहीचे पत्र होते. खाटा तीस असता मी छत्तीस पत्रे पाठवली होती. मुलीचा किंवा आईचा काही दोष नाही. दोष माझा आहे."

शेवटच्या वाक्यात आधी "शाळेचा" असे लिहिले होते. मग खोडून पुन्हा सगळे स्वच्छ लिहिले. शाळेला पत्रे पाठवता येत नाहीत, ती मी पाठवते.

मुक्ताबाईंना वाचता येत नाही. त्यांनी एलियांना हाक मारली आणि दोनदा वाचून घेतले. दुसऱ्यांदा वाचताना एलियांनी शेवटच्या वाक्यापाशी चष्मा पुसला. माझ्यासमोर असली नाटके करण्याचे कारण नव्हते.

"शिक्का?" मुक्ताबाई म्हणाल्या.

शिक्काही मारला. त्या कागद चोळीत ठेवून गेल्या. आभार वगैरे काही मानले नाहीत.

सोमवार, २१ जुलै

मुक्ताबाईंचे यजमान सर्जेराव मुलीला घेऊन आले. पाटलांच्या भावकीतला उंच माणूस. ऑफिसात आले तरी बसेनात. कागद पटक्यातून काढला.

"ही सही तुमची?"

"माझी."

"दोष माझा, आसं लिवलंय."

"लिहिलंय."

"आजवर कुन्या हापिसानं आसं लिवून दिल्यालं म्या पाह्यलं न्हाई. मामलेदार न्हाई, सोसायटी न्हाई. म्हून म्हनलं सोता जाऊन इचारावं. बायकूनं कुनाकडनं करून तर न्हाई आनला?"

"माझ्यासमोर चिखलात बसून घेऊन गेल्या त्या."

त्यांनी कागद पुन्हा पटक्यात खोवला. मग म्हणाले, "म्हंजी म्या घरात महिनाभर वंगाळ बोल्लो त्ये समदं फुकटच."

एलिया म्हणाले, "फुकट कुठलं, आप्पा. आता याजासकट फिरल."

सर्जेराव हसले नाहीत, पण बसले. म्हणाले, "मंग आता पोरीचं काय?"

मुलगी दारात उभी होती. पायांत नव्या वहाणा, बोटे आखडलेली. शिवणाचे यंत्र व्हरांड्यात काढून त्या खोलीत एकतिसावी खाट टाकली. ग्रँटवाले विचारतील तेव्हा बघू. उरलेल्या पाच घरांनाही तसाच कागद आज पाठवला.

शनिवार, २६ जुलै

पाचांपैकी दोन घरांची उत्तरे आली. दोन्ही मुलींची लग्ने ठरली आहेत. एका बापाने लिहिले आहे की बाईंचे पत्र पंधरा दिवस आधी आले असते तर विचार केला असता. पत्र बरेच नम्र आहे.

दुपारच्या टपालाने कंपनीचे दुसरे पत्र. पहिल्या पत्रात बदल करण्याचे कारण दिसत नाही, यापुढे या विषयावर पत्रव्यवहार होणार नाही. मी पाच पत्रे लिहिली होती. सहावे लिहिणार नाही.

त्याच टपालात प्रभुदासच्या बायकोचे, दबोराचे कार्ड. त्यांची सोलापूरला बदली झाली आहे. शनिवारी २ ऑगस्टला दौंडला गाडी बदलतील, दीड तास तिथे असतील. "आपल्याला सवड झाल्यास यावे." सवड हा शब्द तिचा की त्याचा, सांगता येत नाही. अक्षर तिचे आहे.

आता हातात काय घेऊन जायचे? माझी ओळ कंपनी देणार नाही.

आणि ओळ मिळाली असती तरी ती बुधवारची. प्रभुदासची तार शनिवारी, ७ जूनला मिळाली होती. सोमवारची खुर्ची माझ्या नावाची होती. मी रविवारी दोन तारा केल्या. एक एजंटाला, बुधवारची द्या म्हणून. दुसरी प्रभुदासला. त्या तारेत मी "शाळेमुळे सोमवारी येता येत नाही" असे लिहिले नाही. "सोमवारची जागा मिळाली नाही, बुधवारी येते" असे लिहिले. दोन दिवसांनी काय फरक पडतो असे वाटले होते. शाळा म्हटले असते तर मेरी म्हणाली असती, अजून शाळाच. सोमवारी शाळा उघडली आणि मी सहा मुली परत पाठवल्या. त्यासाठी थांबले होते.

शुक्रवार, १ ऑगस्ट

एक कागद लिहिला. तीन वेळा. पहिल्या दोन्हींत "कारण" हा शब्द आला होता.

शनिवार, २ ऑगस्ट. दौंड स्टेशन, आणि मग घर

मनमाडची गाडी वीस मिनिटे उशिरा आली. प्रभुदास वाळला आहे. दबोराने वाकून नमस्कार केला आणि सामानापाशी बसून राहिली. चहा आला. तो कपाकडे बघून बोलत होता.

"प्रवासात त्रास झाला नाही ना तुम्हाला?"

"शिरूर ते दौंडमध्ये कसला त्रास. मी कागद आणलेत."

"कंपनीचे?"

"कंपनीचे आहेत, माझ्या पत्रांच्या नकला आहेत. सगळ्यात वर माझा आहे. तो आधी वाच."

त्याने वाचला. एकाच पानाला पुष्कळ वेळ लावला. मग घडी घातली.

"सोमवारचं मला माहीत होतं, मावशी. दिल्लीच्या ऑफिसात जाऊन भांडलो होतो मी, जागा का दिली नाही म्हणून. पुण्याच्या एजंटानं पुढे पाठवलेली तुमची तार त्यांनी दाखवली."

बोलण्यासारखे कागदात होते.

"आईला सांगितलं नाही," तो म्हणाला. "तिला म्हटलं, खरंच जागा नव्हती. तर हसायला लागली. म्हणाली, लिडियाला नाही म्हणणारा तो कारकून कोण, बघायला हवा. आता बुधवारपर्यंत त्याचं काही खरं नाही."

दबोरा तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती. फलाटावर कोणी तरी कोंबड्यांची पाटी घेऊन जागा शोधत होते. मी चहा संपवला. तो गार झाला होता.

"बुधवारी खरंच आला होतात?" प्रभुदासने विचारले.

"पहाटे पाच वाजता. वजनही करून घेतलं."

"किती भरलं?"

"ते तुला कशाला?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "आईनं विचारलं असतं."

मी आकडा सांगितला. सोलापूरची गाडी लागली. डबा भरलेला होता, तरी दोघांना बसायला मिळाले. दबोरा खिडकीतून म्हणाली की नाताळात सोलापूरला या. मी म्हटले, तारीख कळवा, त्या दिवशी निघेन. गाडी हलल्यावर प्रभुदासने हात वर केला.

आज प्रभुदासच्या हाती दिले ते असे:

कंपनीची पत्रे, दोन.

कंपनीला लिहिलेल्या माझ्या पत्रांच्या नकला, पाच.

माझ्या सहीचा कागद, एक. त्यात लिहिले आहे की सोमवार, ९ जूनची जागा माझ्या नावाने होती, ती मी स्वतः सोडली आणि मिळाली नाही अशी खोटी तार केली. बुधवार, ११ जून रोजी मी वेळेवर हजर होते आणि मला विमानात घेतले नाही. मेरीची वाट पाहणे मंगळवारपासून नव्हे, सोमवारपासून धरावे.

पत्रे आणि नकला त्याने परत केल्या. कागद ठेवून घेतला.